कारिबा जलविद्युत् प्रकल्प आणि जलवायुमानातील बदल

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, झँबिया व झिंबाब्वे या देशांच्या सरहद्दीवर झँबीझी नदीच्या कारिबा घळईत उभारलेला जलविद्युत् प्रकल्प. धरणाचे बांधकाम १९५५–५९ या काळात झाले. १२८ मी. उंचीच्या, दुहेरी वक्रतेच्या या काँक्रीटच्या कमानी धरणामुळे निर्माण झालेले कारिबा सरोवर सु. २८० किमी. लांब असून पूर्ण भरले असता त्याचे क्षेत्रफळ सु. ५,५०० चौ. किमी. व जलसाठा सु. १८० घ. किमी. असतो. साठ्याच्या दृष्टीने मानवनिर्मित जलाशयांत ते जगातील सर्वांत मोठे गणले जाते. महाराष्ट्रातील कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तुलनेत हा साठा सु. साठपट आहे. नदीच्या दोन्ही तीरांवरील विद्युत् केंद्रांची एकूण स्थापित क्षमता २,१३० मेवॉ. आहे.

एवढा प्रचंड साठा असलेला जलाशय अवर्षणाला सहज तोंड देईल, अशी अपेक्षा दीर्घकाळ बाळगली गेली. तथापि १९९२ मध्ये व विशेषतः २०१५ नंतर सरोवराची पातळी वारंवार खालावून दोन्ही देशांत विजेचे तीव्र दुर्भिक्ष निर्माण झाले. नदीच्या गतकालीन नोंदींवरून तिच्या भावी प्रवाहाचा अंदाज बांधून जलविद्युत् योजना आखल्या जातात. या पद्धतीच्या मर्यादा कारिबाच्या इतिहासात जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या क्वचितच अन्यत्र आढळतात. म्हणून जलवायुमान (हवामान) व विद्युत् पुरवठा यांच्या परस्परसंबंधाच्या अभ्यासात या प्रकल्पाला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

नदी व तिचे जलमान : झँबीझी नदी झँबियाच्या वायव्य भागात उगम पावते आणि अंगोलातून पुन्हा झँबियात येऊन दक्षिणेकडे वाहते. बारोत्से हे विस्तीर्ण पूरमैदान ओलांडल्यावर ती पूर्वेकडे वळते व व्हिक्टोरिया धबधब्यावरून कोसळून पुढे कारिबा घळईकडे जाते. तिच्या खोऱ्यात पाऊस मुख्यत्वे नोव्हेंबर ते एप्रिल या एकाच ऋतूत पडतो. वरच्या खोऱ्यातील पुराचे पाणी पूरमैदानात पसरून रेंगाळत असल्याने ते व्हिक्टोरिया धबधब्याजवळ पावसाळा संपता संपता, सामान्यतः एप्रिलच्या सुमारास, कमाल पातळीस पोहोचते. धबधब्याखालील उपनद्यांचे पूर मात्र पावसाबरोबरच येतात. अशा रीतीने सरोवराला एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या वेळी पाणी मिळते. वरच्या खोऱ्यातील पावसावर सरोवराचे भरणे मुख्यतः अवलंबून असते.

व्हिक्टोरिया धबधब्याजवळ नदीच्या पातळीची नोंद १९०७ पासून ठेवण्यात येते. दक्षिण आफ्रिकेतील नद्यांच्या दृष्टीने ही नोंदमाला दीर्घ आहे. तीवरून नदीचा सरासरी प्रवाह दर सेकंदास सु. १,१०० घ. मी. असल्याचे दिसते. तथापि सरासरीचा हा आकडा फसवा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवाह सर्वसाधारणपणे कमी होता. १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९८० च्या सुमारापर्यंत तो सरासरीहून बराच जास्त राहिला. त्यानंतर पुन्हा दीर्घकाळ तो घटला. म्हणजे या नदीत केवळ चांगली व वाईट वर्षे येतात असे नव्हे, तर चांगल्या व वाईट दशकांच्याही मालिका येतात. पन्नास वर्षांच्या नोंदींत अशी एकदोनच आवर्तने सामावतात, हे योजना आखताना पुरेसे ध्यानात आले नव्हते.

योजनेची पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर ऱ्होडेशियातील (सध्याचा झँबिया) तांब्याच्या खाणी व दक्षिण ऱ्होडेशियातील (सध्याचा झिंबाब्वे) उद्योगधंदे यांची विजेची गरज झपाट्याने वाढली. औष्णिक केंद्रांना लागणारा कोळसा वांकी (सध्याचे ह्वांगे) येथील खाणींतून रेल्वेने आणावा लागे व रेल्वेवरील ताणामुळे तो वेळेवर मिळत नसे. १९५३ मध्ये दोन्ही ऱ्होडेशिया व न्यासालँड (सध्याचा मालावी) यांचे संघराज्य स्थापन झाले. उत्तर ऱ्होडेशियातील काफूए नदीवर वीजकेंद्र उभारावे की झँबीझीवर कारिबा येथे, असा वाद काही काळ चालला. अखेर १९५५ मध्ये संघराज्याच्या शासनाने कारिबाची निवड केली. काफूए प्रकल्प आपल्या प्रदेशात व्हावा अशी अपेक्षा असलेल्या उत्तर ऱ्होडेशियात या निर्णयाने असंतोष पसरला. १९५६ मध्ये जागतिक बँकेने योजनेस ८ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. धरणाचा आराखडा आंद्रे क्वान या फ्रेंच अभियंत्याचा होता आणि बांधकाम इंप्रेसित या इटालियन कंपनीने केले.

बांधकाम व महापूर : बांधकाम चालू असतानाच १९५७ मध्ये नदीला नोंदींत न आढळलेला मोठा पूर आला. असा पूर अनेक शतकांतून एकदाच येऊ शकतो, असे त्या वेळी मानण्यात आले. परंतु पुढच्याच वर्षी, १९५८ च्या आरंभी, त्याहूनही मोठा पूर आला व प्रवाह दर सेकंदास सु. १६,००० घ. मी. पर्यंत वाढला. तात्पुरते बांध पाण्याखाली गेले आणि नदीवरील पूल वाहून गेला. या अनुभवानंतर सांडव्याचा आराखडा बदलून द्वारांची संख्या वाढवावी लागली व ती सहा झाली. बांधकामाच्या काळात ऐंशीहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

खोऱ्यातील टोंगा लोकांनी या पुरांचा अर्थ निराळा लावला. न्यामी न्यामी ही त्यांची नदीदेवता, तिचे रूप सर्पाचे व मस्तक माशाचे. आपली नदी अडविली गेल्याने देवता कोपली, असे ते मानीत. अभियंत्यांनी या समजुतीला महत्त्व दिले नाही. मात्र नदीचा स्वभाव आपण पुरता ओळखला आहे हा त्यांचा स्वतःचा विश्वासही त्या दोन वर्षांत डळमळीत झाला होता. ज्या नोंदींवरून पुराची कमाल मर्यादा ठरविली होती, त्या नोंदींनीच त्यांना चकविले होते. नोंदींची हीच अपुरी व्याप्ती पुढे पाण्याच्या टंचाईच्या संदर्भात अनुभवास यावयाची होती.

सरोवरामुळे सु. ५७,००० टोंगा लोकांना आपली गावे व नदीकाठची सुपीक शेते सोडावी लागली. नदीच्या ओसरत्या पुराबरोबर ओलसर गाळात पेरणी करून ते वर्षातून दोन पिके घेत असत. पुनर्वसनाच्या अनेक जागी जमीन निकृष्ट होती व पाणीही दूर होते. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये उत्तर तीरावरील ग्वेंबे भागात स्थलांतराला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात आठ जण ठार झाले. बुडणाऱ्या बेटांवर अडकलेल्या वन्य प्राण्यांच्या सुटकेसाठी राबविलेली ‘ऑपरेशन नोआ’ ही मोहीम जगभर गाजली. माणसांच्या विस्थापनाची दखल मात्र त्या मानाने उशिरा घेतली गेली.

१९५८ च्या डिसेंबरमध्ये पाणी अडविण्यास प्रारंभ झाला व १७ मे १९६० रोजी इंग्लंडच्या राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते प्रकल्पाचे उद्‌घाटन झाले. सरोवर १९६३ मध्ये पूर्ण भरले. त्याच वर्षी पाण्याच्या प्रचंड भारामुळे त्या परिसरात भूकंपाचे तीव्र धक्के बसले. जलाशयजन्य भूकंपांच्या अभ्यासात कारिबा व कोयना (१९६७) यांचा उल्लेख नेहमी एकत्र केला जातो.

विपुलतेचा काळ : पहिले विद्युत् केंद्र दक्षिण तीरावर होते. १९६४ मध्ये झँबिया स्वतंत्र झाला व १९६५ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या शासनाने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. परिणामी झँबियाच्या तांब्याच्या खाणींना वीज पुरविणाऱ्या यंत्रणेची कळ विरोधी राजवटीच्या भूमीवर राहिली. म्हणून झँबियाने काफूए घळईत स्वतःचे केंद्र उभारले आणि १९७० नंतरच्या दशकात कारिबाच्या उत्तर तीरावर दुसरे केंद्र बांधून पुरे केले. झिंबाब्वे १९८० मध्ये स्वतंत्र झाला. १९८७ मध्ये दोन्ही देशांनी झँबीझी नदी प्राधिकरण स्थापन केले. सरोवरातील पाण्याचा हिशेब ठेवून दोन्ही केंद्रांना दरवर्षी समसमान वाटा नेमून देणे, हे त्याचे एक प्रमुख कार्य होय.

प्रकल्पाची पहिली दोन दशके नदीच्या विपुल प्रवाहाच्या काळात गेली. सांडव्यावरून वारंवार पाणी सोडावे लागे. स्वस्त व खात्रीची वीज ही दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्थांची गृहीत बाब बनली. खाणी, कारखाने, शहरे यांची वाढ याच गृहीतावर झाली. झँबियात तर विजेच्या एकूण उत्पादनात जलविद्युतेचा वाटा इतका मोठा राहिला की, २०२० नंतरही तो सु. ८५ टक्के होता.

वीजनिर्मितीची मर्यादा : जलविद्युत् केंद्राची निर्मिती दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे टरबाइनांतून दर सेकंदास वाहणारे पाणी व दुसरी म्हणजे ते पाणी किती उंचीवरून पडते, म्हणजेच त्याचे शीर्ष. जलाशयाची पातळी उतरली की शीर्ष कमी होऊन तितक्याच पाण्यापासून मिळणारी वीजही घटते. कारिबा सरोवर समुद्रसपाटीपासून ४७५.५ मी. ते ४८८.५ मी. या पातळ्यांच्या दरम्यान वापरता यावे, अशी रचना आहे. खालच्या मर्यादेखाली पाणी गेले की निर्मिती थांबवावी लागते.

याचा अर्थ असा की, सु. १८० घ. किमी. साठ्यापैकी केवळ सु. ६५ घ. किमी. पाणी वीजनिर्मितीस उपयुक्त आहे. उरलेले सु. ११५ घ. किमी. पाणी विजेच्या दृष्टीने मृत साठा होय. म्हणून ‘सरोवरात दोन टक्के पाणी उरले’ अशी बातमी येते, तेव्हा सरोवर आटलेले नसते. काठावर उभे राहणाऱ्याला क्षितिजापर्यंत पाणीच दिसते, परंतु ते टरबाइनांपर्यंत पोहोचू शकत नाही. उपयुक्त साठा केवळ १३ मी. जाडीच्या थरात सामावलेला आहे. उष्ण प्रदेशातील एवढ्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून या थरापैकी दीड ते दोन मी. पाणी दरवर्षी बाष्पीभवनाने उडून जाते. तापमान वाढते तशी ही हानीही वाढत जाते.

टंचाईची वर्षे : १९८० नंतर प्रवाह घटू लागला. १९९१-९२ च्या दक्षिण आफ्रिकाव्यापी अवर्षणात सरोवर किमान पातळीजवळ आले व दोन्ही देशांत विजेची कपात करावी लागली. पुढे काही वर्षे पाऊस समाधानकारक झाला. २०१० व २०११ मध्ये सांडव्याची द्वारे उघडावी लागली. याच सुमारास उत्तर तीरावर ३६० मेवॉ. (२०१३-१४) व दक्षिण तीरावर ३०० मेवॉ. (२०१८) क्षमतेची वाढीव जनित्रे बसविण्यात आली. अशा विस्तारामुळे मागणीच्या ऐन वेळी अधिक शक्ती पुरविता येते, पण वर्षभरात मिळणारी एकूण ऊर्जा त्या प्रमाणात वाढत नाही, कारण नदीचे पाणी तेवढेच राहते. विजेची मागणी वाढलेली असताना जनित्रांची वाढीव क्षमता हाताशी आली, की नेमून दिलेल्या वाट्यापेक्षा जास्त पाणी वापरण्याचा मोह आवरणे कठीण जाते.

२०१५-१६ मध्ये एल् निनो या पॅसिफिक महासागरातील तापमानाच्या आवर्तनाबरोबर दक्षिण आफ्रिकेत अवर्षण पडले.  २०१६ च्या आरंभी उपयुक्त साठा सु. १२ टक्क्यांवर आला व झँबियात या संकटाच्या काळात रोज आठ किंवा अधिक तासांचे भारनियमन करावे लागले. २०१९ मध्ये पुन्हा प्रवाह घटला. झिंबाब्वेत जुन्या औष्णिक केंद्रांतील बिघाडांची त्यात भर पडून काही भागांत दिवसाचे अठरा तास वीज नव्हती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये उपयुक्त साठा पाच टक्क्यांच्याही खाली गेला. दक्षिण तीरावरील केंद्राने आपला वार्षिक वाटा ओलांडल्याने प्राधिकरणाने त्याला निर्मिती थांबविण्याचा आदेश दिला. पुढे मर्यादित प्रमाणात ती चालू ठेवण्यात आली.

सर्वांत तीव्र संकट २०२४ मध्ये आले. २०२३-२४ च्या एल् निनोच्या ऋतूत पावसाने दीर्घ ओढ दिली आणि २०२४ च्या फेब्रुवारीअखेर झँबियाचे राष्ट्राध्यक्ष हाकाइंदे हिचिलेमा यांनी अवर्षण ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे घोषित केले. त्या वर्षासाठी दोन्ही केंद्रांना मिळून केवळ १६ घ. किमी. पाणी नेमून देण्यात आले होते. वर्षअखेरीस उपयुक्त साठा दोन टक्क्यांच्या आसपास आला. उत्तर तीरावरील केंद्राची निर्मिती क्षमतेच्या दहा टक्क्यांहूनही कमी झाली व झँबियातील अनेक घरांना दिवसाकाठी जेमतेम तीन तास वीज मिळू लागली. मोठ्या खाणींनी परदेशांतून वीज विकत घेऊन काम चालू ठेवले. मक्याच्या गिरण्या, शीतगृहे, वेल्डिंगची दुकाने, केशकर्तनालये अशा लहान व्यवसायांना तो मार्ग मोकळा नव्हता. शहरांतील स्वयंपाक पुन्हा लोणारी कोळशावर आला. त्यासाठी झाडे तोडली जातात व ज्या वनांमुळे पाणी मुरते, त्यांचाच ऱ्हास होतो.

कारणांची मीमांसा : या संकटांचे सर्व खापर जलवायुमानातील बदलावर फोडणे शास्त्रीय दृष्ट्या बरोबर ठरणार नाही. नदीच्या प्रवाहातील दशकांची आवर्तने औद्योगिक प्रदूषणाचा परिणाम ठळक होण्यापूर्वीही होती. २०२४ च्या अवर्षणाचे विश्लेषण करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पावसाच्या तुटीचे प्रमुख कारण एल् निनो हे असल्याचा निष्कर्ष काढला. पावसाच्या त्या तुटीत मानवनिर्मित तापमानवाढीचा लक्षणीय वाटा त्यांना आढळला नाही. पाण्याचा अतिरिक्त उपसा, एकाच साधनावरील अवलंबन व नव्या केंद्रांची उभारणी लांबणीवर पडणे, ही कारणेही तितकीच खरी आहेत.

असे असले, तरी बदलत्या जलवायुमानाची भूमिका गौण नाही. हवा तापली की जमीन, पूरमैदाने व सरोवर यांवरून अधिक पाणी उडून जाते. म्हणून पाऊस पूर्वीइतकाच पडला, तरी नदीत कमी पाणी येते. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालात तापमानवाढीबरोबर दक्षिण आफ्रिकेत शुष्कता व अवर्षणे वाढतील, असे अनुमान वर्तविले आहे. त्याबरोबरच अतिवृष्टीचे प्रसंगही अधिक तीव्र होण्याची शक्यता आहे. म्हणजे धरणाला टंचाई व महापूर या दोहोंसाठी सज्ज राहावे लागते. महापुराच्या बाबतीत कारिबाची बाजू दुबळी झाली होती. विपुल प्रवाहाच्या दशकांत सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याने धरणाच्या पायथ्याजवळ नदीच्या तळाशी सु. ८० मी. खोलीचा डोह कोरला गेला होता. धरणाच्या पायाला त्याचा धोका संभवू नये, म्हणून डोहाला नवा आकार देण्याचे व सांडव्याची द्वारे सुधारण्याचे काम २०१७ मध्ये हाती घेण्यात आले.

उपाय व त्यांच्या मर्यादा : टंचाईवर झँबियाने २०१६ मध्ये मांबा येथे ३०० मेवॉ. चे व झिंबाब्वेने २०२३ मध्ये ह्वांगे येथे ६०० मेवॉ. चे कोळशावर चालणारे नवे संच सुरू केले. पाण्याच्या अनिश्चिततेतून सुटका करणारा हा मार्ग त्या अनिश्चिततेत भर घालणाऱ्या वायूंचे उत्सर्जन वाढवितो, ही विसंगती उघड आहे. व्हिक्टोरिया धबधब्याखालील बाटोका घळईत २,४०० मेवॉ. चा नवा जलविद्युत् प्रकल्प दीर्घकाळ विचाराधीन आहे. परंतु तो याच नदीवर, याच खोऱ्यातील पावसावर विसंबून राहील. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण आफ्रिकी वीजसंघामुळे शेजारी देशांत विजेची देवघेव शक्य झाली आहे. तथापि या भागातील बरीचशी जलविद्युत् केंद्रे सारख्याच पर्जन्यक्षेत्रांत असल्याने एकाची टंचाई ती सर्वांचीच टंचाई ठरण्याचा संभव असतो.

सूर्यशक्ती हा या प्रदेशात आश्वासक मार्ग दिसतो. अवर्षणाच्या निरभ्र वर्षांत सूर्यप्रकाशाची उणीव नसते. दिवसा सौर वीज वापरून सरोवरातील पाणी रात्रीसाठी राखता येते. अशा योजनेत कारिबा हे विजेचे मुख्य उगमस्थान न राहता विजेची साठवण करणारे कोठार बनेल, व त्याच्या साठ्याचा खरा उपयोग कदाचित तोच असेल. त्यासाठी दरवर्षीच्या पाण्याचा वाटा जुन्या सरासरीवरून न ठरविता त्या त्या वर्षीच्या स्थितीवरून, काटेकोरपणे व दोन्ही देशांना बंधनकारक होईल अशा रीतीने ठरविणे अगत्याचे आहे.

कारिबाच्या उभारणीला सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे. धरण भक्कम आहे आणि जनित्रे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. बदलला आहे तो नदीच्या वागणुकीविषयीचा भरवसा, ज्यावर हे सर्व उभे होते. सरोवरासाठी घरेदारे गमावलेल्या टोंगा लोकांच्या काठावरील अनेक वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या या प्रकल्पाची वीज मिळालीच नाही, तर ज्यांना ती मिळाली, त्या शहरांना ती गृहीत धरता येईनाशी झाली. आशिया, दक्षिण अमेरिका व आफ्रिका या खंडांत आजही नद्यांच्या जुन्या नोंदींवरून नवी धरणे आखली जात आहेत. त्या आखणीत गतकाळाच्या सरासरीइतकेच भविष्यातील अनिश्चिततेलाही स्थान असावे, हाच कारिबाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.